वासाच्या मराठी मंडळींना खुलं पत्र: मालाक्सला राहायला येताय ना, मग स्वीडिश शिका

प्रिय मंडळी,
सप्रेम नमस्कार.

इथे फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वासा शहरात राहणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच घरांतून गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न आलाय, शेजारच्या मालाक्स गावात घर बघतोय, वासापेक्षा स्वस्त पडतं, भोवती अंगण मिळतं, पंचवीसेक किलोमीटर म्हणजे ऑफिसला जाणंयेणं पण जमतं, पण तिथे सगळे स्वीडिश बोलतात म्हणे, मग आमचं कसं होणार? आणि लगेच पुढचं वाक्य, इंग्रजीवर भागतं ना? प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहिते. थोडं लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, कारण मला हे मनापासून सांगायचंय.

इंग्रजीवर भागतं. दुकानात भागतं, बँकेत भागतं, डॉक्टरकडे भागतं, शेजारी तर आपल्याला बघून आपणहून इंग्रजीत सुरू करतात. पण माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की भागवू नका. इथे येणार असाल तर स्वीडिश शिकायचं ठरवून या, आणि फिनिशच्या आधी शिका. अर्धवट नाही, नीट शिका.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, फिनलंडमध्ये राहून स्वीडिश कशाला, पाच टक्के लोकांची भाषा ती. हे वाक्य मी वासातल्या प्रत्येक पार्टीत ऐकलंय. आकडा बरोबर आहे, देशभरात पाच टक्क्यांच्या आसपास, तीन लाखाला थोडे कमी लोक. पण मालाक्समध्ये हाच आकडा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे! साडेपाच हजारांच्या आसपास वस्तीची कोमून, कोमून म्हणजे इथली पालिका, त्यात मालाक्स, पेतालाक्स आणि बेर्यो बेट, हे तिन्ही १९७० च्या दशकात एकत्र आले. इथे रस्त्याच्या पाटीवर वरती स्वीडिश नाव असतं, खाली फिनिश. वासात उलटं, वर फिनिश, खाली स्वीडिश, कारण वासात स्वीडिश बोलणारे साधारण पाचात एक. आपण वासाच्या पाट्या बघून देश कसा आहे ते ठरवतो आणि मग तेच अर्ध्या तासावरच्या गावाला लावतो, ते चुकतंय.

ही माणसं स्वीडनहून हल्ली आलेली नाहीत हेही नीट समजून घ्या. मला एकाने अगदी गंभीरपणे विचारलं होतं की हे लोक स्वीडनला परत का जात नाहीत. अहो, हा किनारा मध्ययुगापासून स्वीडिश बोलतोय, बाराव्या-तेराव्या शतकापासून. १८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचाच भाग होता, मग रशियाच्या झारकडे गेला, १९१७ ला स्वतंत्र झाला, आणि या सगळ्या काळात मालाक्सचे शेतकरी आणि मच्छीमार तिथेच होते, तीच भाषा बोलत. फिनिशला सरकारदरबारी हक्क मिळवायला केवढा झगडा करावा लागला, १८६३ मध्ये झार अलेक्झांडर दुसऱ्याचा हुकूम निघाला तेव्हा कुठे सुरुवात झाली. बहुसंख्यांची भाषा वर्षानुवर्षं दाबली गेली होती हे खरंच आहे आणि त्याचा राग फिनिश लोकांच्या मनात कुठेतरी असतो तो मला समजतो. पण ती दाबणारी मंडळी म्हणजे सरदार, अधिकारी, शहरातले मोठे लोक. मालाक्सचा राय हे धान्य पिकवणारा शेतकरी कोणाला दाबत होता?

इथेच मला एक गोष्ट खटकते ती स्पष्ट लिहिते. फिनिश शाळांमध्ये स्वीडिश सक्तीची आहे, सत्तरच्या दशकात नवी शाळापद्धत आली तेव्हापासून, आणि त्यावरून फिनिश लोकांमध्ये कायम वाद चालू असतो. तो त्यांचा घरचा वाद आहे. त्यांना त्यावर बोलायचा हक्क आहे, शाळेत वर्षानुवर्षं ते शिकलेत. आपण काय करतो, ऑफिसच्या कॉफीब्रेकला एखादा कलीग वैतागून बोलतो, स्वीडिश म्हणजे टाइमपास, आणि आपण ते जसंच्या तसं उचलून घरी आणतो, बायकोला सांगतो, ग्रुपवर टाकतो, आणि महिन्याभरात ते आपलं मत होऊन बसतं. स्वीडिश बोलणाऱ्या एकाही माणसाच्या घरी आपण चहा प्यायलेलो नसतो तोवर.

आणि जून २०२५ आठवा. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे दोन जीआर निघाले होते, २९ जूनला सरकारने ते रद्द केले, तेव्हा इथे आपण सगळे किती खूश झालो होतो. मुंबईत वर्षानुवर्षं राहून मराठीचा एक शब्द न बोलणाऱ्यांबद्दल आपण काय काय बोलतो ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहितीये, मीही तेच बोलते. माझं त्यातलं एकही वाक्य मागे घ्यायचं नाहीये. मला फक्त एवढं म्हणायचंय की तेच वाक्य मालाक्सला लागू आहे, आणि मालाक्समध्ये परप्रांतीय आपण आहोत. मराठी निदान आठ कोटींवर लोकांची भाषा आहे, या किनाऱ्यावरच्या गावांना तोही आधार नाही. एखाद्या गावात चाळीस-पन्नास नवी घरं आली आणि ती सगळी इंग्रजीवर राहिली तर क्रीडामंडळाची मीटिंग, पालकसभा, सगळंच हळूहळू इंग्रजीत सरकतं, कोणी जबरदस्ती करत नाही, सभ्यपणामुळेच सरकतं. हे लोक भिडस्त आहेत, समोरच्याला अडचण नको म्हणून स्वतःची भाषा बाजूला ठेवतात. म्हणून ही जबाबदारी आपली आहे, त्यांच्यावर ढकलू नका.

कायद्याचं थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं दोन्ही भाषा नुसत्या पाटीपुरत्या आहेत. २००४ पासून लागू असलेला भाषेचा कायदा म्हणतो की कोमूनमध्ये अल्पसंख्य भाषेचे निदान ८ टक्के किंवा निदान ३,००० लोक असतील तर ती द्विभाषिक, आणि एकदा द्विभाषिक झाली की ६ टक्क्यांच्या खाली आणि ३,००० च्याही खाली गेल्याशिवाय ती एकभाषिक होत नाही. दर दहा वर्षांनी सरकार यादी नव्याने ठरवतं. मालाक्समध्ये अल्पसंख्य कोण, तर फिनिश बोलणारे. म्हणजे जो कायदा हेलसिंकीत स्वीडिशला सांभाळतो तोच इथे फिनिश माणसाला सांभाळतो, त्याला पालिकेत फिनिशमध्ये उत्तर मिळालंच पाहिजे, त्याच्या पोराला फिनिशमध्ये शिक्षण मिळालंच पाहिजे. मला हे फार आवडतं. सीमाभागातल्या मराठी माणसाला विचारा, साधा उतारा स्वतःच्या भाषेत मिळायला काय काय करावं लागतं.

यात आपला आकडा पण येतो बरं का. लोकसंख्या नोंदणीत प्रत्येकाची एकच मातृभाषा लिहिता येते. आपण मराठी लिहितो, आणि लिहायलाच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण टक्केवारी काढताना भागिले एकूण लोकसंख्या असते, त्यामुळे परकी भाषा लिहिणारे वाढले की दोन्ही भाषांची टक्केवारी खाली येते, लोक तेवढेच राहिले तरी. कागदावर आपण दोन्हीतल्या कोणाच्याच बाजूला नसतो. कागदाबाहेर मात्र आपण कुठल्या भाषेत बोलतो त्यावर खूप काही ठरतं.

व्यवहाराचं बोलूया, कारण शेवटी तुम्ही तेच विचारणार. नागरिकत्वाला भाषेची अट आहे ती फिनिश किंवा स्वीडिश, कुठलीही एक, परीक्षा तीच, लेव्हल तीच. इंग्रजी येणाऱ्याला स्वीडिश खूप सोपं जातं, शब्दांची नाती सरळ दिसतात, क्रियापदाला प्रत्येक पुरुषासाठी वेगळं रूप नाही, फिनिशसारख्या पंधरा विभक्ती नाहीत. नोकरी करून, मुलं सांभाळून, संध्याकाळी थकून अभ्यास करणाऱ्याला हा फरक छोटा नाहीये. फिनिशमध्ये दोन-तीन वर्षं घालूनही दुकानाच्या पुढे न गेलेले कितीतरी हुशार लोक आपल्यातच आहेत, त्यांच्यात काही कमी नाही, भाषाच तशी आहे. आणि स्वीडिश आली की वासाच्या बंदरातून बोटीत बसायचं, चारेक तासांत उमिओ, पलीकडे अख्खा स्वीडन. मुलांना तिथल्या युनिव्हर्सिटीचं दार उघडं, इथे वासातच ऑबो अकाडेमीचा कॅम्पस आहे, तिथे शिकवणं स्वीडिशमध्ये.

दुसरी बाजू लपवत नाही. उद्या तुमची बदली ताम्पेरे किंवा ओउलूला झाली तर स्वीडिशचा तिथे रोजच्या जगण्यात काही उपयोग नाही, फिनिश लागेलच. वासातल्याही बऱ्याच नोकऱ्यांना दोन्ही भाषा मागतात. ज्याचं इथे राहायचंच ठरलेलं नाही, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे, त्याला मी आग्रह करणार नाही. पण घर विकत घेणारा माणूस काही दोन वर्षांसाठी घेत नाही. आणि मुलांचं म्हणाल तर स्वीडिश शाळेत फिनिश शिकवतातच, त्यामुळे तुमचं मूल मराठी, स्वीडिश, फिनिश, इंग्रजी अशा चार भाषा घेऊन बाहेर पडेल. मी सोलापूरची, आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच नळावर ऐकू यायची, चार भाषांनी पोराचं डोकं फिरतं यावर माझा कधीच विश्वास बसणार नाही.

एक अडचण येणार ती आधीच सांगून ठेवते. क्लासमध्ये शिकाल ती स्वीडिश वेगळी आणि मालाक्सच्या दुकानात ऐकाल ती बोली वेगळी. या किनाऱ्यावर गावागणिक बोली बदलते, दक्षिणेला नार्पेसची बोली तर स्टॉकहोमच्या माणसाला पण कळत नाही. सुरुवातीला वाटेल की आपण भलतीच भाषा शिकलो. घाबरू नका, तुम्ही पुस्तकी बोललात की तेही पुस्तकी बोलतात, शाळा, पेपर, पालिकेचं पत्र सगळं प्रमाण भाषेतच असतं. रेडिओवर यूलेचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं, स्थानिक स्वीडिश केंद्र लावा सकाळी गाडीत, कान तयार होतो. पेपर वाचायचा तर वासाब्लादेत, १८५६ पासून निघतोय तो.

नार्पेसचं नाव निघालंच आहे तर त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला जे म्हणायचंय त्याचा जिवंत पुरावा तिथे आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे व्हिएतनामहून निर्वासित आले, नव्वदच्या दशकात युद्धातून पळून बॉस्नियाचे आले. तिथे काचघरांतल्या टोमॅटोची शेती आहे, देशातले अर्ध्याहून जास्त टोमॅटो तिथले, आणि काम भरपूर. ही माणसं त्या काचघरांत कामाला लागली आणि स्वीडिश शिकली, कारण आजूबाजूला दुसरं काही बोललंच जात नव्हतं. आज त्यांची मुलं त्या स्टॉकहोमवाल्यांना न कळणाऱ्या बोलीत भांडतात, दुकानं चालवतात, घरं बांधलीयेत त्यांनी. त्यांच्यातल्या कितीजणांना आल्यावर धड इंग्रजीही येत नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच त्यांचं पटकन जमलं. आपल्याकडे डिग्री आहे, बरा पगार आहे, इंग्रजी आहे, आणि त्या इंग्रजीमुळेच आपण दहा-दहा वर्षं उंबऱ्यावर उभे राहतो, आत जातच नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त आतून लागतं ते. आपल्यातल्या काहीजणी नर्सिंगमध्ये आहेत किंवा तिकडे वळायचा विचार करतायत, खास तुमच्यासाठी हे. म्हाताऱ्या माणसाला डिमेन्शिया झाला की बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते, मातृभाषा शेवटपर्यंत राहते. इथल्या वृद्धाश्रमात ऐंशी-नव्वद वर्षांच्या आज्या आहेत ज्यांना तरुणपणी थोडंफार फिनिश यायचं, ते आता गेलं, इंग्रजी कधी नव्हतंच. त्यांना पाणी हवंय, दुखतंय, भीती वाटतेय, हे सगळं त्या स्वीडिशमध्ये, तेही गावच्या बोलीत सांगतात. समोरच्या मुलीला ते कळलं नाही तर त्या दुसऱ्यांदा सांगतात, मग गप्प होतात. माझी आजी शेवटच्या दिवसांत फक्त कानडी बोलायची, घरात निम्म्यांना समजायचं नाही, त्यामुळे ते गप्प होणं मी बघितलेलं आहे. परदेशातून येणाऱ्या नर्सेसना बऱ्याचदा आपोआप फिनिशच्या कोर्सला बसवतात, कोणी विचारतही नाही की जाणार कुठे आहेस. तुम्ही विचारा. स्वीडिशमधून इंटिग्रेशन, म्हणजे नव्याने आलेल्यांना इथे रुळवायचा सरकारी कार्यक्रम, करायचा पर्याय कायद्यात आहे, २०२५ पासून ही जबाबदारीही कोमूनकडे आलीये, स्वतःहून मागा, पहिल्यांदा नाही म्हणाले तर परत मागा.

दवाखान्यांचं म्हणाल तर २०२३ पासून आरोग्यसेवा कोमूनकडून काढून मोठ्या विभागांकडे दिली, देशात असे एकवीस विभाग झाले, त्यात फिनिशपेक्षा स्वीडिश बोलणारे जास्त असलेला एकमेव विभाग आपला, ओस्टरबोत्तेनचा. २०१६ मध्ये सरकारने चोवीस तास पूर्ण इमर्जन्सी असणाऱ्या बारा हॉस्पिटलांच्या यादीत वासाऐवजी सीनायोकी टाकलं, जे जवळपास पूर्ण फिनिश शहर आहे, तेव्हा या किनाऱ्यावर केवढा संताप झाला होता. छातीत दुखत असताना आपल्या भाषेत सांगता येणार नाही ही भीती होती ती. पुढे कायदा बदलून वासाला ते परत मिळालं. लोक बोलले, लढले म्हणून मिळालं.

बोलण्यावरून आठवलं, तुम्हाला मत आहे! बऱ्याच जणांना हे माहितीच नाही. कोमूनच्या निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही, दोन वर्षं फिनलंडमध्ये सलग राहिलात आणि अठरा पूर्ण असाल तर मत देता येतं, उभंही राहता येतं. मागची निवडणूक एप्रिल २०२५ ला झाली, पुढची २०२९ ला. एवढ्याशा कोमूनमध्ये पन्नास-शंभर वैयक्तिक मतांवर लोक निवडून येतात. गावातली छोटी शाळा चालू ठेवायची की बंद करायची, पवनचक्क्या कुठे उभ्या राहणार, हे सगळं तिथे ठरतं आणि चर्चा चालते स्वीडिशमध्ये. भाषा आली तर त्या खोलीत तुमची खुर्ची आहे. नाही आली तर निर्णय झाल्यावर भाषांतर करून वाचायचे.

गाव कसं आहे हेही विचारलं होतं ना. सुंदर आहे. वासाहून येताना सॉडरफियार्डेन लागतं, लोणारसारखंच उल्केचं विवर आहे ते, फक्त त्यात तळं नाही, शेती आहे, गोल गरगरीत, आणि शरदात हजारो क्रौंच उतरतात तिथे. समुद्रातली जमीन इथे दरवर्षी आठ-नऊ मिलिमीटर वर येते, क्वार्केनचं बेटांचं हे सगळं क्षेत्र २००६ पासून जागतिक वारशात आहे, आजोबांची होडी जिथे लागायची तिथे नातू आता बटाटे लावतो. मालाक्सची लिंपा, म्हणजे इथला पाव, खाल्ली असेलच तुम्ही, काळी, गोडसर, देशभर विकतात ती, पण घरी भाजलेली वेगळीच लागते, आणि ती तुम्हाला शेजारीण आणून देईल, पहिल्याच आठवड्यात. हिवाळा लांब आहे, अंधार आहे, बस कमी आहेत, गाडी पाहिजेच. वाण्याकडे कढीपत्ता मिळत नाही.

आपल्यातले बरेचजण सॉफ्टवेअरवाले म्हणून एक शेवटचं सांगते, लिनक्स लिहिणारे लिनुस तोरवाल्ड्स याच पाच टक्क्यांतले, घरी स्वीडिश बोलत मोठे झालेले. टाइमपास भाषा म्हणायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

आता करायचं काय ते. वासातल्या प्रौढशिक्षण केंद्रात स्वीडिशचे संध्याकाळचे वर्ग असतात, फी फार नाही, शरदातले सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात पण नावनोंदणी आधीच होते, उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर तिकीट काढतानाच तारखा बघून ठेवा. ज्यांना क्लास जमत नाही त्यांच्यासाठी दर रविवारी दुपारी माझ्या घरी बसूया, मी काही शिक्षिका नाही पण माझ्या शेजारच्या काकू यायला तयार आहेत, त्यांनीच विचारलं मला, फक्त त्यांची अट आहे की त्या वेळात कोणी इंग्रजी बोलायचं नाही. मुलांच्या मराठीचंही बघूया. घरच्या भाषेच्या वर्गाला सरकारकडून मदत मिळते पण त्यासाठी किमान चार मुलं लागतात, दोन घरं आली तरी आपली चार मुलं होतील, मग आपण कोमूनकडे एकत्र अर्ज करू, आणि तो स्वीडिशमध्ये लिहू.

डेकेअरचा अर्ज साधारण चार महिने आधी करावा लागतो, त्यामुळे घराचं पक्कं व्हायची वाट बघत बसू नका. फॉर्मवर भाषा विचारतील तिथे स्वीडिश लिहा.

तुमचीच,
मालाक्सहून एक सोलापूरकर